टीव्हीचा आवाज बंद केल्यावर

आमच्या शाळेत टीव्ही आला तो गादीत गुंडाळून. 2018 चा ऑगस्ट महिना. म्हसवडहून वाडीकडे यायचा शेवटचा टप्पा खडीचा, त्यात काच तडकायला नको म्हणून एका पालकाने जीपमध्ये घरची गादी अंथरली होती. 43 इंची एलईडी, सगळा लोकवर्गणीतून. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे, आणि कमी पडले ते मुंबईत माथाडी कामावर असलेल्या वाडीच्या पोरांनी आपसांत गोळा करून पाठवले. एका आजीने वीस रुपयांच्या नोटेची घडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "बाई, आमच्या नातवंडास्नी जग दावा." वर्गणीच्या वहीत मी वीस रुपये लिहिले. जग दाखवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

शाळा माण तालुक्यातली, दहिवडीपासून बरीच आत. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि दोघांपैकी एकजण केंद्रशाळेच्या बैठकीला गेला की चारही वर्ग उरलेल्याकडे. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कास आणि महाबळेश्वर येतं. आमच्याकडे ढग येतात आणि पुढे जातात. बाजरी, मटकी, हुलगा, आणि मेंढरं. पटावरच्या निम्म्या घरांचे वाडे, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडाचे फिरते तळ, दिवाळीनंतर चाऱ्यासाठी बाहेर पडतात, ते पावसाच्या तोंडावर परततात.

पहिलं वर्ष टीव्हीचं फार कौतुकात गेलं. दुकानदाराने एक पेन ड्राइव्ह भेट दिला होता, बडबडगीतं आणि गोष्टींनी भरलेला. तो लावला की चारही वर्ग चिडीचूप. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. तेवढ्या वेळात मी पोषण आहाराच्या नोंदी लिहायचे, ऑनलाइन माहिती भरायचे, कुणाचं बँक खातं आधारला जोडायचं राहिलं ते बघायचे. मुलं बघतायत, म्हणजे शिकतायत, असं मी धरून चालले होते. भेटीला येणारे साहेबही ती शांतता बघून खूश होऊन जायचे.

डिसेंबरात एकदा दुपारी मी चौथीला जलचक्र विचारलं. त्यावरचं गाणं त्यांनी टीव्हीवर निदान पंधरा वेळा ऐकलेलं. सगळ्यांनी हातवारे करून, सुरात म्हणून दाखवलं. बाष्पीभवन, सांद्रीभवन, सगळे शब्द बरोबर. मग मी ओल्या फडक्याने एक पाटी पुसली आणि दारातल्या उन्हात ठेवली. बघता बघता पाटी कोरडी झाली. "पाणी कुठं गेलं?" एकजण म्हणाला, "पाटीनं पिलं." दुसरी म्हणाली, "खाली सांडलं." तिसऱ्याने पाटी उलटी करून मागच्या बाजूला पाणी लागतंय का ते पाहिलं. आत्ता बाष्पीभवन गायलेलीच ही मुलं. गाण्यातलं पाणी आणि पाटीवरचं पाणी यांची त्यांच्या डोक्यात गाठच पडली नव्हती, आणि ती घालून देण्याच्या वेळी मी हजेरीपट जुळवत बसले होते.

त्या रात्री मला माझी स्वतःची शाळा आठवली. मी कराड तालुक्यातल्या एका गावात शिकले. 1989 ला मी सहावीत होते. शाळेत रंगीत टीव्ही होता. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उच्च प्राथमिक शाळांना रंगीत टीव्ही आणि प्राथमिक शाळांना रेडिओ-कॅसेट प्लेअर द्यायची केंद्र सरकारची योजना आली होती, त्यातला तो असणार. लाकडी कपाटात बंद, किल्ली मोठ्या गुरुजींच्या खिशात. बालचित्रवाणीचा कार्यक्रम लागायचा त्या दिवशी सगळे वर्ग एका खोलीत कोंबले जायचे. एक मोठा मुलगा छपरावर चढून अँटेना फिरवायचा, खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं, गेलं!" कधी चित्र यायचं, कधी नुसत्या मुंग्या. कार्यक्रम संपला की कपाटाला कुलूप, आणि आम्ही रांगेने आपापल्या वर्गात. काय पाहिलं, हे कुणी विचारलं नाही. आज मला ते कपाट आठवतं, पॉलिशचा वास आठवतो, कार्यक्रम एकही आठवत नाही. यात बालचित्रवाणीचा दोष नाही. पुण्यातली ती संस्था 1984 पासून मराठी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम करत होती, आणि 2017 मध्ये ती बंद झाल्याची बातमी वाचली तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. आमच्याकडे कमी होती ती कार्यक्रमानंतरच्या दहा मिनिटांची.

डी.एड.ला असताना आम्हाला 'साइट'बद्दल, म्हणजे उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याच्या प्रयोगाबद्दल, शिकवलं होतं. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976, बरोबर एक वर्ष. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-6 उपग्रह, इस्रोची मंडळी, आणि सहा राज्यांतली 2400 खेडी. महाराष्ट्र त्यात नव्हता, शेजारचा कर्नाटक होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर रुंद छत्री गावात उभी करायची आणि उपग्रहावरून थेट चित्र घ्यायचं. सकाळी साडेबावीस मिनिटं शाळेतल्या मुलांसाठी. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे सगळं त्या रात्री वेगळंच दिसायला लागलं. साडेबावीस मिनिटं! तो पाठ आकाशातून यायचा, एकदाच यायचा, कुणासाठी थांबायचा नाही. मूल मागे राहिलं तर राहिलं. वर्ष संपल्यावर तर उपग्रहच परत गेला. त्या शिक्षकांना जे शक्य नव्हतं, ते माझ्या हातातल्या रिमोटवर एका बोटाच्या अंतरावर होतं. मी पाठ थांबवू शकत होते. उलटा नेऊ शकत होते. वर्षभरात मी ते एकदाही केलं नव्हतं.

जानेवारीपासून मी पद्धत बदलली. बदलली म्हणजे एका दिवसात नाही, चुकत चुकत.

आधी खोलीचीच डागडुजी करावी लागली. टीव्ही लावला होता खिडकीसमोरच्या भिंतीवर. सकाळी अकरानंतर पडद्यावर खिडकी आणि बाहेरची बाभळच दिसायची, मागच्या ओळीतल्यांना तर दुसरं काही नाहीच. खिडकीला खताच्या गोण्या शिवून पडदा केला, पण मग आत काळोख आणि उकाडा. शेवटी टीव्हीच काढून आडव्या भिंतीला घेतला, तोही खाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. आधी तो देवाच्या तसबिरीसारखा उंच टांगलेला होता. पत्र्यावर पाऊस पडला की काही ऐकू येत नाही, तेव्हा तसल्या दिवशी टीव्ही लावायचाच नाही असं ठरलं. इकडे असे दिवस थोडेच. वीजबिल थकून जोडणी तोडली गेली ते चार महिने मात्र फार वाईट गेले. पुढे ग्रामपंचायतीने बिल भरलं आणि नंतर एक इन्व्हर्टरही दिला.

मग पाठाची तयारी. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर त्या धड्याचे व्हिडिओ मिळतात. आमच्याकडे रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. संध्याकाळी तिथे बसून उतरवून घ्यायचे, रात्री घरी दोनदा बघायचे. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा वही घेऊन. बारा मिनिटांच्या व्हिडिओत मला कामाची मिनिटं निघायची चार, फार तर पाच. तेवढीच दाखवायची. थांबायच्या जागा आधी ठरवायच्या आणि टाचणात लिहून ठेवायच्या. एका जागी 'पुढे काय होईल?' विचारायचं, एका जागी 'आपल्याकडे असं कुठं असतं?' आणि लावायच्या आधीच मुलांना कामाला लावायचं, की अमुक शोधा. काही शोधायला सांगितलं की मुलाची मान पुढे येते. काहीच सांगितलं नाही तर मान भिंतीला टेकते. हा फरक खोलीच्या दारात उभं राहून दिसतो.

तरीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती मुलांनीच दाखवली. बी रुजण्याचा पाठ होता. पडद्यावर मातीतून अंकुर सरसर वर आला, मान उचलली, दोन पानं उघडली. वीस सेकंदांत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. लगेच आम्ही चहाच्या कागदी कपांत माती भरून वाघ्या घेवडा लावला. कोरेगावकडचं बी माझ्या घरी होतं. पाणी घातलं, आणि मी पुढच्या विषयाकडे वळले. जरा वेळाने बघते तर तिसरीतली चार मुलं कपाभोवती उकिडवी बसलेली. हलत नाहीत. मधली सुट्टी झाली तरी उठेनात. एकाने शेवटी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, आपलं का येत न्हाय? आपली माती वंगाळ हाय का?"

मला त्या प्रश्नाने हलवलं. शेतकऱ्याचं पोर, बाजरी उगवताना जन्मापासून बघितलेलं, आणि तरी पडद्यावरचं खरं मानून आपल्या मातीला वाईट म्हणत होतं. टीव्ही वेळ दाबून लहान करतो, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की मुलाला ते सांगावं लागतं हेच आपण विसरतो. त्या दिवसापासून रुजण्याचा तो तुकडा आम्ही कप लावल्यावर सहाव्या दिवशी बघतो. आधी रोज एक चित्र काढायचं: आज काही नाही, आज काही नाही, आज मातीला भेग, आज वाकलेली मान. आपली सहा चित्रं भिंतीवर लागली की मग टीव्ही. तेव्हा मुलं म्हणतात, "ही तर आपल्यावानीच हाय, पर लई पळतंय." तसंच आकाराचं. मुंगी पडद्यावर बकरीएवढी दिसते. म्हणून मुंगीचा पाठ असला की वर्गात भिंग आणि साखरेचे चार दाणे हवेतच. आधी खरी मुंगी, मग पडद्यावरची, मग पुन्हा खरी.

हे जरा बसतंय तोवर मार्च 2020 मध्ये शाळाच बंद झाल्या.

त्या काळाबद्दल बोलायला अजून जड जातं. आमच्या वाडीत बऱ्याच घरी साधे फोन, आणि स्मार्टफोन असला तर तो बापाबरोबर रानात. ऑनलाइन वर्गाचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. टीव्ही मात्र दर दोन-तीन घरांआड होता. डीडी फ्री डिशची छत्री पत्र्यावर असली की झालं, महिन्याचं भाडं नाही. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी, एकूण 480 भाग. प्रत्येक इयत्तेला रोज अर्धा तास. त्यात मला आवडलं ते हे, की फळ्यापुढे उभं राहून कुणी पुस्तक वाचत नव्हतं. घरात हाताशी असलेल्या वस्तू घेऊन मुलांनी करून बघायचं, आणि घरातल्या माणसांनीही त्यात यायचं.

पण हा पुन्हा तोच, कुणासाठी न थांबणारा टीव्ही होता. लाइट गेली की भाग गेला. रिमोट माझ्या हातात नाही, मूल माझ्या समोर नाही. मी वेळापत्रक देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिलं. टीव्ही असलेल्या घरांना टीव्ही नसलेली घरं जोडून दिली. ओट्यावर चार-चार मुलं, अंतर राखून, तोंडाला रुमाल. सकाळी मी माझ्या घरी तोच भाग बघायचे आणि दुपारी गाडी काढून वाडीत जायचे. प्रश्न तीनच, रोज तेच: आज हाताने काय केलं? कुठं अडलं? टीव्हीतल्या मुलांकडे होतं ते आपल्याकडे नसलं तर काय घेशील? तिसरा प्रश्न सोन्यासारखा निघाला. मोजायला मणी नाहीत तर चिंचोके. अपूर्णांकांसाठी कागदाच्या चकत्या नाहीत तर भाकरी. एका घरी आई चुलीपुढे बसून अर्धी, चतकोर, नितकोर करून दाखवत होती आणि पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, आईला अपूर्णांक येत्यात!" त्या माऊलीच्या तोंडावरचं हसू मी विसरणार नाही. शाळेची पायरी तिने कधी ओलांडली नव्हती.

एका घरात तीन भावंडं, चौथी, तिसरी आणि पहिली. टीव्ही एक, म्हणून तिघंही तिघांचे भाग बघायची. पहिलीतली धाकटी वर्षभरात तिसरीचं गणित बोलायला लागली. बहुवर्ग अध्यापनाची प्रशिक्षणं मी कितीतरी केली, पण एका वर्गाचं दुसऱ्याच्या कानावर पडणं हा फायदा असू शकतो, हे मी त्या ओट्यावर शिकले. दुसऱ्या बाजूने हेही खरं, की मेंढरांमागे गेलेल्या घरांपर्यंत यातलं काहीही पोचलं नाही. वाड्यावर ना लाइट ना छत्री. डिसेंबर 2021 मध्ये पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा ती मुलं अक्षरं विसरून आली होती. काहींना पेन्सिल धरवत नव्हती. टीव्हीने शाळा घरोघरी नेली असं कुणी म्हणालं की मला ती मुलं आठवतात.

2022 मध्ये आणखी एक प्रसंग आला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे गावाने ठरवून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरून भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. पेपरात आलं, सगळीकडे गाजलं. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका आबांनी मला उभं राहून विचारलं, "बाई, तिकडं लोक भोंगा वाजवून टीव्ही बंद करायलेत, आन तुमी शाळंत लावताय. खरं काय धरायचं आमी?"

प्रश्न रास्त होता आणि आबा मनापासून विचारत होते. मी म्हटलं, "आबा, दोन्ही खरं आहे. वडगावच्या लोकांनी टीव्ही कधी बंद करायचा ते ठरवलं. मीही शाळेत तेच ठरवते. तुम्ही एकदा येऊन बसा." ते आले. तिसरीच्या पाठाला मागे पोत्यावर बसले. मी साडेचार मिनिटांचा तुकडा दाखवला, त्यात पाच वेळा थांबले, त्यावर चाळीस मिनिटं काम चाललं. जाताना म्हणाले, "ह्यो टीव्ही तर निम्म्याच्या वर बंदच हाय की." सभेत त्यांनीच मग ठराव मांडला, की शाळेत दिवसाला वीस मिनिटांच्या वर पडदा चालू ठेवायचा नाही, आणि शिक्षक खोलीत नसताना तर नाहीच. दुसरी अट मला लागली, कारण पहिल्या वर्षी मी खोलीत असूनही नव्हते. ठराव वहीत आहे, आजही पाळतो. संध्याकाळच्या दीड तासाचा प्रयत्न आमच्या वाडीतही झाला, महिनाभर चालला आणि सुटला. एकट्या शाळेने ते होत नाही, सगळं गाव उभं राहावं लागतं. वडगावकरांचं मला त्यासाठीच मोठं वाटतं.

आता जे सांगायचं आहे ते 2023 च्या सप्टेंबरमधलं.

तिसरीत एक मुलगी होती, धनगराची. वर्षातले सहा-सात महिने वाड्यावर. वर्गात बोलायची नाही. हजेरीला नुसता हात वर. मी विचारलं की खाली बघायची, पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढायची. बाकीची पोरं तिच्या बोलण्याला हसतात, हे मला ठाऊक होतं. मी रागवायचे, पण रागावल्याने तोंड उघडत नाही.

त्या दिवशी लोकरीचा तुकडा दाखवायचा होता, मेंढीपासून स्वेटरपर्यंत. रात्री बघताना मला निवेदन आवडलं नाही. फार घाईचं, पुस्तकी. म्हणून सकाळी मी आवाज बंद केला आणि मुलांना म्हटलं, "आज टीव्ही मुका आहे. काय चाललंय ते तुम्ही सांगायचं." पडद्यावर पांढरी गुबगुबीत परदेशी मेंढी, एक माणूस तिला बसती करून यंत्राने लोकर उतरवतोय. नेहमीची बोलकी मुलं सुरू झाली. "तो माणूस मेंढीचे केस कापत आहे." पुस्तकी वाक्यं, मला बरं वाटावं म्हणून केलेली. मी थांबवलं, विचारलं, "अजून काय?" कुणी बोलेना.

मागून आवाज आला, "आसं न्हाय धरत."

सगळ्या माना वळल्या. ती उभी राहिली होती. मी काही बोलले नाही, माझं बोलणं मध्ये आलं तर ती बसेल अशी भीती वाटली. ती रांगेतून चालत टीव्हीपाशी आली, आणि थांबलेल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "आदी पाय बांधायचं. तीन न्हायतर दोन. मग आडवी पाडायची. पोटाकडनं कातर घालायची, हितनं. हितं वडली तर कातडं निघतंय. आन आमची मेंढरं आशी पांढरी न्हायती, काळी हायती. लोकर राठ आसती. तिचं घोंगडं हुतंय, सुटर न्हाय."

एक पोरगा म्हणाला, "पाय कसं बांधायचं?" तिने स्वतःचं दप्तर फरशीवर आडवं ठेवलं. त्याचे दोन पट्टे म्हणजे पाय. वेणीची लाल रिबीन सोडली, पट्ट्यांना तिढा दिला, एक फास, आणि ओढला. एका हाताने. दुसरा हात दप्तरावर दाबलेला, जणू आत जीव आहे. "आता सुटत न्हाय. पर दुखत बी न्हाय," म्हणाली. मग गाठीचं एक टोक ओढलं आणि सगळं मोकळं. एकही मूल हसलं नाही. पडद्यावर तिच्या बोटाचे मातीचे ठसे उमटले होते, आणि मागे ती पांढरी मेंढी तशीच थांबलेली.

पाच वर्षं टीव्ही वापरून मला जे जमलं नव्हतं ते आवाज बंद केल्यावर झालं. प्रमाण भाषेत बोलणारा तो आवाज खोलीत चालू असताना तिच्यासारख्या मुलीला वाटतं, की इथे आपलं बोलणं चालणार नाही. तो थांबला की जागा होते. आता आठवड्यातून एकदा तरी आम्ही टीव्ही मुका करतो. मुलं आधी आपल्या बोलीत सांगतात, मग ते पुस्तकाच्या भाषेत कसं लिहायचं ते फळ्यावर मांडतो, आणि शेवटी आवाज लावून बघतो की निवेदकाने काय म्हटलं. लेखनात एवढा फरक मला दुसऱ्या कशाने पडलेला दिसला नाही. पहिल्यांदा आवाज, मग प्रश्न, ही जुनी चाल मी मराठीच्या तासाला तर सोडूनच दिली आहे.

दिवाळीच्या आधी मेंढरं कातरायची होती. आठ दिवसांनी मी तिच्या वडिलांना विचारून सगळ्या वर्गाला त्यांच्या वाड्यावर नेलं. माझ्या फोनवरच चित्रण केलं. फोन मी धरला, कुठे उभं राहायचं ते ती सांगत होती. "बाई, सूर्य मागं घ्या, मेंढरू काळं हाय, दिसायचं न्हाय." खरंच दिसत नव्हतं. अकरा मिनिटांचं चित्रण झालं. शाळेत येऊन ते टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघितलं, कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, यावर तिसरी-चौथीत दोन दिवस वाद चालला. कातर दगडावर परजतानाचा भाग ठेवायचाच असा तिचा हट्ट होता, आणि ती बरोबर होती. शेवटी चार मिनिटं उरली. त्यावर आवाज तिचा, तिच्याच बोलीत.

दिवाळी झाली आणि तिचा वाडा हलला. आमच्या पेन ड्राइव्हमध्ये तो तुकडा राहिला. सरांनी दुसरीला दाखवला, केंद्रातल्या दुसऱ्या दोन शाळांनी मागून नेला.

जूनमध्ये ती परत आली, चौथीत. थोडी उंच झालेली, उन्हाने रापलेली, वाचन निम्मं विसरलेली. ते पुन्हा धरायला ऑगस्ट उजाडला. त्याच महिन्यात नव्या तिसरीला लोकरीचा पाठ आला. मी तिचा तुकडा लावला आणि रिमोट घेऊन नेहमीच्या जागी उभी राहिले. चौथीची मुलं शेजारी गणितं सोडवत होती. मेंढरू आडवं पडलं, वडिलांनी दोरी हातात घेतली, तेवढ्यात तिने पाटी बाजूला ठेवली.

"बाई, हितं थांबवा."

मी थांबवलं. ती उठली, तिसरीच्या मुलांकडे वळली आणि म्हणाली, "आता सांगा बगू, पयला कुठला पाय धरतील?"